भोंग्याची परतीची पायरी

आमच्या ग्वायाकान गावातल्या अंत्यविधीगृहात एक कॉम्प्युटर आहे. त्यातली एक गोष्ट बघून शहरातले लोक हसतात. कुणी वारलं की मालकीण फाबिओलाबाई त्यात नाव घालतात आणि मग एकामागून एक कामं आपोआप सुटतात. भोंग्यावरची बातमी, मयताची खोली, फुलं, गाडी, भिंतीवरची पत्रकं, चर्चमधल्या मिस्साची, म्हणजे प्रार्थनेची, वेळ. प्रत्येक कामासमोर त्याची परतीची पायरी लिहिलेली असते. म्हणजे मध्येच काही बिघडलं, तर ते काम मागं कसं घ्यायचं. खोलीसमोर लिहिलंय, 'खोली मोकळी करा.' फुलांसमोर, 'फुलवाल्याला नको म्हणून कळवा.' आणि भोंग्यासमोर लिहिलंय, 'आल्देमार स्वतः जाईल.'

मागं मानिसालेस शहराहून टाय लावलेला एक गृहस्थ हे सॉफ्टवेअर बघायला आला होता. तो हसत म्हणाला, "अहो, प्रोग्राममध्ये माणसाचं नाव कुणी घालतं का? उद्या हा माणूस आजारी पडला तर?"

तो प्रोग्राम लिहिणारा आल्देमार खाली बघत म्हणाला, "आजारी असलो तरी जाईन."

गृहस्थाला तो विनोद वाटला. मी तिथंच उभा होतो. त्याला टायला धरून बाहेर काढावा असं फार मनात आलं, पण फाबिओलाबाईंचा पाहुणा, म्हणून गप्प बसलो.

तो भोंगा माझा. मी तुलियो. टपावर कर्णे लावलेली जुनी जीप घेऊन मी गावभर आणि वरच्या डोंगरवाडीपर्यंत बातम्या सांगत फिरतो. लसीकरण, हरवलेली गाय, बटाट्याचा ट्रक आणि मुख्य म्हणजे मयत. तुलियोनं ओरडून सांगितल्याशिवाय ग्वायाकानात कुणी मरत नाही, अशी माझी थट्टा चालते. चालू दे. पण ही हकीकत माझी नाही, आल्देमार ग्रिसालेसची आहे, आणि ती मी सांगतोय कारण तो स्वतः कधीच सांगणार नाही. त्याच्यासमोर विषय निघाला तरी त्याचे कान लाल होतात.

आल्देमारला मी तो पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायचा तेव्हापासून ओळखतो. किडकिडीत, चष्मा लावणारा, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा न विसरता लावणारा. फळ्यावर लिहिताना एक अक्षर चुकलं की हा पठ्ठ्या तेवढंच पुसायचा नाही, अख्खा फळा पुसून पहिल्यापासून लिहायचा. मास्तर वैतागायचे. घरी आईनं शिवलेली शिवण जरा वाकडी गेली की हाच तिला उसवायला लावायचा. चूक त्याला बघवायचीच नाही. ती झालीच नव्हती, असं करून टाकायचं. पुढं शहरात जाऊन कॉम्प्युटर शिकला, तिथल्या कंपनीत काही वर्षं काढली, आईच्या आजारपणात परत आला आणि आई गेल्यावर इथंच राहिला.

त्याच सुमारास फाबिओलाबाईंकडं एक भलताच घोटाळा झाला. एकाच खोलीत दोन मयतं आली. दोन्ही घरची माणसं एकमेकांची पुष्पचक्रं उचलून बाहेर फेकायला लागली, एका जावयानं दुसऱ्या जावयाची कॉलर धरली. बाईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला आणि आल्देमारला बोलावलं. "बाबा रे, तू ते कॉम्प्युटरचं शिकलास ना? मग हे नीट लावून दे. माझ्या डोक्याचं पार खोबरं झालंय."

त्यानं लावून दिलं. आणि खरं सांगायचं तर फार चांगलं लावून दिलं. प्रोग्राम तयार झाल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. बाई, फुलवाला, गाडीचा ड्रायव्हर, मी. मयत म्हणून त्यानं स्वतःचंच नाव घातलं. खोली लागली, फुलं लागली, गाडी लागली. मग त्यानं मुद्दाम एक चूक केली. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि सगळी कामं शेवटापासून सुरुवातीकडं एकेक करून मागं गेली. याला त्यांच्या धंद्यात रोलबॅक म्हणतात. शेवटी हिरव्या अक्षरांत आलं, 'सर्व पूर्ववत.'

"बघा," आल्देमार म्हणाला, "जणू काही झालंच नाही."

त्याचा चेहरा इतका खुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतर तर नाहीच.

एडिल्मा तेव्हा कॉफीचे कप घेऊन आली होती. व्हरांड्याच्या कोपऱ्यातली शेगडी तिची. रविवारी चौकात ती आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजून विकायची, आणि गावात कुणाचंही मयत असलं की या शेगडीपाशी उभी राहून बसायला आलेल्यांना कॉफी द्यायची. वर्षानुवर्षं. आमच्यातला असा एक माणूस नसेल ज्यानं आपल्या आईबापाच्या मयताला एडिल्माच्या हातची कॉफी घेतली नाही.

"म्हणजे मेलेला माणूस परत येतो म्हण की!" ती म्हणाली.

सगळे हसले. आल्देमार लाजला. "नाही हो, एडिल्माबाई. फक्त कामं परत येतात."

"मग काय उपयोग? बरं, माझं एक लिहून घे तुझ्या त्या यंत्रात. मी मेले की मला दोन नंबरची खोली. खिडकीवाली. आणि त्या दिवशी कॉफी दुसऱ्या कुणीतरी करायची. मी काही उठायची नाही."

"लिहितो," तो म्हणाला. आणि खरंच लिहिलं.

आमच्याकडं मयताची बातमी उशिरा कळणं हा मोठा अपमान समजतात. चुलतभावाला संध्याकाळी कळलं म्हणून दोन पिढ्या बोलणं बंद झालेली घरं मी दाखवू शकतो. त्यातून डोंगरवाडीच्या लोकांना खाली यायला प्रवासी जीप एकच, तीच त्यांना परत वर नेते. हे सगळं ध्यानात घेऊन आल्देमारनं भोंग्याचं काम यादीत सगळ्यात पहिलं लावलं होतं. शहरातल्या माणसानं ते शेवटी लावलं असतं, सगळं पक्कं झाल्यावर. आमच्या गावच्या माणसाला ते सुचणंच शक्य नाही. आणि त्या कामासमोर परतीची पायरी त्यानं रिकामी ठेवली होती. नंतर त्यानं मला कारण सांगितलं. "तुलियोभाऊ, खोली परत देता येते, फुलं परत देता येतात. बोललेल्याचं काय परत देणार? म्हणून काही लिहिलं नाही."

मे महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, एडिल्मा दवाखान्यात वारली. हृदय थांबलं. नवरा हिल्दार्दो शेजारी बसला होता. हा हिल्दार्दो जन्मभर खेचरांवरून कॉफीची पोती वाहणारा, अबोल माणूस. मूलबाळ नाही. त्या घरात बोलायचं काम एडिल्माकडं होतं.

फाबिओलाबाईंनी नाव घातलं, डोळे पुसले आणि शहरात बँकेचं काम होतं तिकडं निघून गेल्या. यंत्र आहे म्हटल्यावर त्यांना घोर नव्हता. माझ्या फोनवर निरोप आला. मी जीप काढली. कर्णे लावले आणि सांगितलं. एडिल्मा ओरोस्को वारल्या, आज दुपारपासून दोन नंबरच्या खोलीत. खाली सांगितलं, वर डोंगरवाडीला जाऊन सांगितलं. तिथं बायका कामं टाकून अंगणातली फुलं खुडायला लागल्या.

इकडं काय झालं बघा. एकेक काम होत होत गाडं चर्चपाशी आलं. शुक्रवारची मिस्साची वेळ फादरनी मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीच्या तालमीसाठी अडवून ठेवली होती. चर्चच्या कॉम्प्युटरनं नकार दिला. प्रोग्रामला एवढंच कळलं की एक काम फसलं. मग त्यानं शिकवल्याप्रमाणं सगळं मागं घेतलं. पत्रकं लावणाऱ्याला निरोप गेला, त्यानं ओल्या खळीची पत्रकं भिंतींवरून सोलून काढली. एडिल्माला घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला निरोप गेला, 'फेरी रद्द.' त्यानं निमूट गाडी वळवून तिला दवाखान्याच्या शवागारात परत नेऊन ठेवलं. फुलं रद्द झाली. खोली मोकळी झाली, आणि शेजारच्या गावचं एक कुटुंब आजोबांसाठी खोली मागत ताटकळत होतं, त्यांना ती ताबडतोब मिळाली.

आल्देमार ऑफिसातच होता. जेवत होता. त्यानं पडद्यावरची हिरवी अक्षरं वाचली, 'सर्व पूर्ववत.' त्याला बरं वाटलं. चूक आली आणि आपल्या प्रोग्रामनं ती नीट निस्तरली, असं वाटलं. मिस्साची दुसरी वेळ घालून पुन्हा सोडू, काय घाई आहे, म्हणून त्यानं आधी सूप संपवलं.

हे सूपचं त्यानंच मला सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. "बाकी सगळं एकवेळ विसरेन," तो म्हणाला, "पण त्या वाटीच्या तळाशी राहिलेला बटाटासुद्धा मी चमच्यानं काढून खाल्ला, ते नाही."

तोवर डोंगरवाडीची जीप आली. लोक फुलं घेऊन दोन नंबरच्या खोलीत शिरले तर तिथं मिशावाले कुणी आजोबा निजलेले. दारावर त्यांचं नाव. बाहेर पाहिलं तर भिंतीवर पत्रक नाही. दोघीतिघींनी तर आजोबांसमोर रडायला सुरुवातही केली होती, त्या गोंधळून उठल्या. मग कुणीतरी म्हणालं, "अगं, चुकीची बातमी! एडिल्मा जिवंत आहे!" झालं. एकच आनंद. आणलेली फुलं त्यांनी मोठ्या मनानं आजोबांनाच वाहिली आणि हॉर्न वाजवत जीप वर निघून गेली.

ती वळणाआड गेली आणि हिल्दार्दो आला. पायी. पांढरा शर्ट, खांद्यावर घडी केलेला घोंगडीसारखा पोंचो. गाडी आपल्या आधी पोचली असेल असं त्याला वाटत होतं. त्यानं खोलीत डोकावून पाहिलं, मग ऑफिसच्या दारात आला. मीही तेवढ्यात फेरी संपवून पोचलो होतो.

"ती कुठं आहे?" त्यानं विचारलं.

आल्देमारचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं पडदा हिल्दार्दोकडं वळवला. "एक एरर आला होता. पण काही बिघडलेलं नाही, सगळं... सगळं पूर्ववत झालंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी होतं तसं."

हिल्दार्दो पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. त्याला वाचता येतं, पण हळू. मग टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "मग ती घरी आहे का?"

टोमणा नव्हता तो. तो खरोखर विचारत होता. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. आल्देमारनं पडदा पुन्हा आपल्याकडं वळवून घेतला.

पुढचं सगळं आम्ही हातांनी केलं. गाडी पुन्हा पाठवली, एडिल्माला आणलं. पण खोली गेली होती. एक नंबरचं छप्पर गळत होतं, तिथं बादल्या मांडलेल्या. आजोबांची लेक त्यांच्या पायाशी डोकं टेकून बसली होती, तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती होती? शेवटी एडिल्माला व्हरांड्यात ठेवलं. शेगडीशेजारी. जिथं जन्मभर उभी राहिली तिथंच आडवी झाली. खिडकी नाही, काही नाही. गावातली माणसं आली, कडेकडेनं बसली. डोंगरवाडीचं कुणीच का आलं नाही, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. कॉफी आल्देमारनं केली. इतकी वाईट कॉफी मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. सगळ्यांनी मान खाली घालून ती संपवली. दुसऱ्या दिवशी मुलांची तालीम सुरू व्हायच्या आधी, घाईघाईत, फादरनी मिस्सा उरकली आणि आम्ही तिला पुरून आलो.

शनिवारी आल्देमार माझ्या दारात उभा. दाढी वाढलेली, गळ्याजवळची गुंडी उघडी.

"तुलियोभाऊ, उद्या बाजार आहे. मला तुमचा माइक हवाय. सगळ्या गावासमोर माफी मागायचीय."

"माफी मागायची तर हिल्दार्दोच्या दारात जाऊन माग की."

"तिथं जायला तोंड नाही मला."

"वा! तिथं तोंड नाही, आणि चौकात आहे?" मी चिडलोच. "अरे, समोरासमोर जमत नाही म्हणून कर्ण्यातून? आणि हे पुसून टाकायला निघालायस का तू? फळ्यासारखं?"

तो उभाच राहिला. रडला असता तर मी हाकलून दिला असता. तो नुसता उभा राहिला, म्हणून हो म्हणालो.

रविवारी चौक भरला होता. डोंगरवाडीचे लोक केळ्यांचे घड, युकाच्या कंदांची पोती घेऊन उतरले होते. मी नेहमीच्या झाडाखाली जीप लावली. समोरच एडिल्माची बसायची जागा. तिथं हिल्दार्दो वाकून तिची आरेपा भाजायची शेगडी आणि फळकूट आवरत होता. घरी न्यायला आला असावा.

डोंगरवाडीची म्हातारी ओलिवा त्याच्यापाशी आली आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपका घातला.

"काय रे हिल्दार्दो! बायकोला तर मारूनच टाकली होती की यांनी! अरे, आम्ही फुलं घेऊन आलो, रडलो, आणि बघतो तर कुणी भलताच म्हातारा! कुठाय ती? आज आरेपा नाही लावले?"

हिल्दार्दो काहीतरी पुटपुटला. ते मला ऐकू आलं नाही.

"बरी आहे, नुसती दमलीय होय? असू दे, असू दे. तिला म्हणावं, मेल्याची बातमी उठली म्हणजे आता पुष्कळ जगणार ती. ओलिवानं सांगितलंय म्हणावं."

"सांगतो," हिल्दार्दो म्हणाला.

म्हणजे वर अजून कुणाला खरं कळलंच नव्हतं. मी शेजारी पाहिलं, पण आल्देमारचं तिकडं लक्षच नव्हतं. तो चिठ्ठीवरचं पाठ करत होता. मी काही म्हणायच्या आत त्यानं बटण दाबलं आणि कर्णे घरघरले. "ग्वायाकानच्या लोकहो. मी आल्देमार ग्रिसालेस. गुरुवारी माझ्या हातून जे घडलं त्याबद्दल मी..."

हिल्दार्दो गर्दीतून चालत आला. धावला नाही. त्यानं जीपच्या खिडकीवर हात ठेवला.

"बंद कर ते."

आल्देमारनं बटण सोडलं. "मला तुमची माफी मागायची होती."

"तुझ्या माफीचं मी काय करू?" तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळपासून वरचे लोक मला विचारतायत, एडिल्मा कशी आहे. हसत विचारतायत. मी काय सांगितलं माहीत आहे? बरी आहे म्हणालो. सगळ्यांना. ती ओलिवा इतकी खुशीत होती, माझ्या तोंडातून दुसरं निघेचना." त्यानं श्वास घेतला. "सकाळपासून मी तिला जिवंत ठेवतोय. दमलो मी. तुझं ते यंत्र आधी होतं तसं करतं ना? मला नाही जमत. आता तू सांग."

आल्देमारनं माइक माझ्याकडं सरकवला. "तुलियोभाऊ, तुम्ही सांगा. तुमचा आवाज..."

"त्यानं एकदा सांगितलंय," हिल्दार्दो म्हणाला. "तू सांग."

चिठ्ठी त्याच्या मांडीवरून खाली पडली. त्यानं ती उचलली नाही. बटण दाबलं, आणि कितीतरी वेळ कर्ण्यांतून नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. लोक हातातलं सामान घेऊन वळून बघायला लागले.

"एडिल्मा ओरोस्को," तो म्हणाला, "गुरुवारी वारल्या. शुक्रवारी त्यांना पुरलं. बातमी खरी होती. खोटं होतं ते नंतरचं. ते माझ्यामुळं झालं."

ओलिवा म्हातारी हातातली पिशवी तशीच सोडून जीपपाशी आली. तिनं आधी हिल्दार्दोकडं पाहिलं. त्यानं टोपी काढली. मग तिनं आल्देमारकडं पाहिलं.

"मी गुरुवारी घरी जाऊन कोंबडी कापली रे," ती म्हणाली. "आनंदानं. सगळ्या वाडीला वाढली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आल्देमार त्या सीटवर इतका लहान झाला की मला त्याच्याकडं बघवेना. मला त्याचा राग होता, पण त्या क्षणी मी तो विसरलो.

ओलिवानं हिल्दार्दोचा हात धरला आणि दोघं शेगडीपाशी जाऊन बसली. मला वाटलं, झालं, सुटलो. मी किल्ली फिरवायला हात घातला, तर हिल्दार्दो तिथूनच म्हणाला, "सगळे काही खाली आलेले नाहीत."

आल्देमारनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मग मला म्हणाला, "वर चला. आणि तुलियोभाऊ, भोंगा लावू नका."

आम्ही चढण चढून वर आलो. डोंगरवाडीच्या पहिल्याच घरापाशी एक बाई अंगणात कॉफीचे दाणे वाळत घालत होती. माझी जीप ओळखून तिनं हात वर केला आणि हसत हसत ओरडली, "काय हो, आज कुणाला मारून आलात? एडिल्मा बरी आहे ना आमची?"

मी इंजिन बंद केलं. आल्देमारनं गळ्याजवळची गुंडी लावली आणि तो खाली उतरला.